नवसाचा उजवा पाय

मी व्यायामशास्त्र शिकायला निघाले तेव्हा आमच्या बेटावरच्या ग्रां बुआ गावात सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता. धावायला शिकायचं तर त्यासाठी बस कशाला धरायला पाहिजे? उसाच्या मळ्यात कुत्रा मागे लागला की माणूस आपोआप शिकतो. दुकानावर बसलेली माणसं हे मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची, आणि मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. आजही नाही. मी थांबायची आणि विचारायची, कुत्रा निघून गेल्यावरही तुमचं काळीज का धडधडत राहतं ते सांगा बघू. मग ते हसायचे आणि दुसऱ्या कुणाची तरी खोडी काढायला लागायचे.

खरं तर त्याचं उत्तर मलाही नुकतंच कळलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शाळांना मुलींना खेळ शिकवणाऱ्या बाया हव्या होत्या आणि वरच्या पठारावर, क्युरपिप शहराच्या पुढे, त्यांच्यासाठी एक अभ्यासक्रम सुरू झाला होता. आमच्या गावातून त्यात जाणारी मी पहिलीच. मला वाटलं होतं, एक शिट्टी देतील, चेंडू देतील आणि मुलींना रांगेत कसं उभं करायचं ते सांगतील. पहिल्या दिवशी समोर आला तो हाडांचा सापळा. माझ्या शेजारची मुलगी त्याच्याकडे पाठ करूनच बसली.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई किनाऱ्यावरच्या माएबूर्गच्या, कोळ्याच्या घरातल्या. आम्ही त्यांना मिस म्हणायचो. पुस्तकं इंग्रजीत, फळ्यावरचं फ्रेंचमध्ये, आणि एखादी गोष्ट खरोखर समजावी असं वाटलं की मिस सरळ आमच्या रोजच्या बोलीवर, क्रिओलवर यायच्या. त्यांनी त्या सापळ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हा कपाटातला माणूस तुम्हाला सगळ्यात कमी शिकवणार आहे, कारण तो हलत नाही. मग आम्हाला जिना चढायला लावला, उतरायला लावला, मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी ऐकायला लावली. एवढी वर्षं ती माझ्याच मनगटात ठकठक करत होती आणि मी कधी विचारपूस केली नव्हती. त्या दिवशी बसमध्ये मी पूर्ण वाटभर मनगट धरून बसले. शेजारच्या म्हातारीला वाटलं मला ताप आहे. तिनं आपली शाल काढून माझ्या अंगावर टाकली.

किती नवी दारं उघडली म्हणून सांगू. हाडं आणि स्नायू कसे बांधलेत, हा एक विषय. दम का लागतो, घाम का येतो, हा दुसरा. कोपर आणि गुडघा तरफेसारखं काम कसं करतात ते शिकायला वेगळा तास, काय खाल्लं म्हणजे अंगाला लागतं त्याचा वेगळा. आणि एक तास नुसता मनाचा. एकाला व्यायाम करावासा का वाटतो आणि दुसऱ्याला का नाही? मला तो तास फुकटचा वाटायचा. सांगितलं की करायचं, त्यात मनाचं काय आलं, असं माझं मत होतं. ते मत कुठे आणि कसं मोडलं तेच आता सांगते.

त्या वर्षी फेब्रुवारीत मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, येऊन गेलं. आमच्या घराचा अर्धा पत्रा उडून शेजारच्या पेरूच्या झाडात अडकला. बाबा तो परत ठोकायला वर चढले. ओल्या पत्र्यावरून घसरले आणि खाली दगडावर आले. उजव्या पायाची नडगी मोडली, हाड कातडीबाहेर आलं. इस्पितळात जखम चिघळली. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की पाय ठेवता येईल की कापावा लागेल ते आठवडाभरात कळेल.

हा पाय म्हणजे काय ते आमच्या गावातल्या मराठी माणसाला सांगावं लागलं नसतं. बाबा उसाचे मजूर. लाकूपच्या दिवसांत, म्हणजे ऊसतोडणीच्या हंगामात, पहाटेपासून उभे. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. गणपतीला आमच्याकडे झाकरी होते. आमच्या पणज्यांनी कोकणातून बोटीत बसताना बाकी काही आणलं की नाही कोण जाणे, पण हा नाच आणला. मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती पुरुषांचं कडं, आणि प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ. चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली पितळी घुंगरं, चांगली जड. बाबांचा उजवा पाय पडला की कडं पडायचं, बाबांचा पाय उचलला की कडं उचलायचं. मला चालता येण्याआधी तो आवाज माहीत होता.

आईनं इस्पितळाच्या ओट्यावर उभ्या उभ्या गणपतीला नवस बोलला. हा पाय तुझाच आहे, तो राहू दे. राहिला तर तू घरी येईपर्यंत मी तो जमिनीला लागू देणार नाही. तू आलास की तुझ्यासमोर पहिला टेकेल.

आणि पाय राहिला. जखम भरली. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं, ते चार महिने तसंच होतं. जुलैच्या शेवटी ते कापून काढलं, तेव्हा मी सोबत होते. आतून जो पाय निघाला तो माझ्या बापाचा नव्हता. सोललेल्या उसासारखा पांढरा, मांडी माझ्या दंडाएवढी, गुडघा वाकता वाकेना. बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, हा कुणाचा तरी चुकून दिलाय. डॉक्टर हसले. हाड नीट जुळलंय, उद्यापासून कुबड्या घेऊन थोडा थोडा भार टाका, असं म्हणाले. आईनं मान हलवली, आभार मानले, घरी आली आणि बाबांना खाटेवर बसवून सांगितलं की गणपतीला अजून महिनाभर वेळ आहे, तोवर उजवा पाय खाली येणार नाही. डाव्या पायावर कुबड्या घेऊन परसाकडला जावं, बाकी वर राहावं.

दोन दिवसांपूर्वीच मिसनी शिकवलं होतं की न वापरलेला स्नायू विरत जातो आणि जखडलेला सांधा लवकर हलवला नाही तर हट्टी होऊन बसतो. मी आईला ते सांगितलं. आधी हळू सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं. महिनाभर असाच राहिला तर गणपतीसमोर टेकवायला पाय उरणार नाही, काठी उरेल, असंही म्हणाले. आईचं उत्तर ठरलेलं. देवानं त्याचा शब्द पाळला, आता आपला. तू डॉक्टरचं ऐक, मी ज्याला शब्द दिला त्याचं ऐकते. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, मी दोघींच्या मधला पाय आहे, मला विचारू नका.

मामांनी त्यात भर घातली. आईचा धाकटा भाऊ, मनाचा चांगला, पण प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असायचं: कुणाला तरी कुठेतरी कामाला लावणं. रोझ बेलच्या बाजूला निर्यातीच्या झोनमधला कपडे शिवायचा कारखाना निघाला होता आणि तिथे मुली घेत होते. आई चहाच्या मळ्यात पाठीवर टोपली बांधून पानं खुडायची, तेवढ्यावर घर किती दिवस ओढणार? मामांचं म्हणणं, दाजी गणपतीनंतर तोडणीला गेले तर ठीक, नाहीतर हिनं शिक्षण सोडावं आणि शिलाईला लागावं. मामांनी तिथल्या मुकादमाशी बोलूनही ठेवलं होतं. आई काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं मला झोंबलं, कारण मामा चुकीचं काही बोलत नव्हते हे मलाही दिसत होतं.

म्हणजे सगळं त्या पायाशी येऊन थांबलं. तो उभा राहिला तर बाबा उभे, मी बसमध्ये. तो उभा राहिला नाही तर मी शिलाईच्या यंत्रासमोर, आणि बाबा ओसरीवर बसून दुसऱ्यांची झाकरी बघणार. मला तर त्या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी तासाला माझं लक्ष लागेना. मिसनी मला थांबवून घेतलं आणि काय झालं ते विचारलं. मी तावातावानं सगळं सांगितलं: पाय, नवस, आईचा हट्ट. मला वाटलं, या शिकलेल्या बाई, आता म्हणतील की खेडवळ लोकांना कोण समजावणार. माझी अर्धी इच्छाच होती की त्यांनी तसं म्हणावं. मिसनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या घरी समुद्रावर जाण्याआधी मेरीमातेला काय काय कबूल केलं जायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला नवसाचे शब्द पुन्हा एकदा, जसेच्या तसे सांगायला लावले आणि म्हणाल्या,

"तुझ्या आईनं जमीन बंद केली आहे. हवा कुठे बंद केली?"

मिसनी एक टेबल मोकळं केलं, मला त्यावर आडवं व्हायला लावलं आणि एकेक करून दाखवलं. पावलाची बोटं आपल्याकडे ओढायची, मग दूर ढकलायची. गुडघ्याखाली उशी ठेवून तिला दाबायचं, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू आवळतो. टाच गादीवरून घासत आपल्याकडे आणायची, गुडघा जेवढा वाकेल तेवढाच. पाय सरळ ठेवून वर उचलायचा आणि हळू खाली आणायचा. पुढे खाटेच्या कडेला बसून पाय लोंबता सोडायचा आणि गुडघ्यातून सरळ करायचा, घोट्याला थोडं वजन बांधून. हाडाला भारही लागतो, तो मात्र जमिनीशिवाय मिळणार नाही, तेवढं गणपतीवर सोडू या. रोज थोडं. जमलं की आणखी थोडं. दुखून सूज आली तर थांबायचं. व्यायामशास्त्राचं अर्धं पुस्तक त्यांनी मला त्या टेबलावर शिकवलं. त्या उपकाराची फेड झाली असं मला कधी वाटलं नाही.

घरी येऊन मी आईला विचारलं, खाट जमीन आहे का? आईनं डोळे बारीक केले. तिला माझा डाव कळला होता, पण त्यात खोट सापडत नव्हती. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली की खाट म्हणजे खाटच, पण पाय खाली घसरला तर माझ्याशी गाठ आहे.

मी शिवणाची फीत घेऊन बाबांच्या दोन्ही मांड्या मोजल्या, एन, दे, त्रुआ, म्हणजे एक, दोन, तीन, करत व्यायाम शिकवले आणि दुसऱ्या दिवशी खुशाल बसला गेले. संध्याकाळी येऊन विचारलं, केले का? बाबा म्हणाले, केले की. आठवड्यानं मी पुन्हा फीत लावली. मांडी होती तिथेच होती, गुडघाही तेवढाच वाकत होता. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. मी चिडले. शास्त्र सांगितलं, कारणं सांगितली, सापळ्याचं चित्रही काढून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मग सांगितलं की बाय, तुझं सगळं खरं आहे, पण एन, दे, त्रुआ म्हणत एकटंच पाय वरखाली करताना मला माझीच कीव येते. सुताराच्या करवतीसारखं. वर, खाली. कशासाठी?

तो मनाचा तास मला तिथे आठवला. ज्याला मी फुकटचा म्हणत होते तोच. माणसाच्या अंगाला काय हवं ते मला ठाऊक होतं, पण या माणसाला काय हवं ते मी विचारलंच नव्हतं. मी ओसरीवर जाऊन बसले. आईनं आतून सगळं ऐकलं होतं. ती स्वयंपाकघरात भात शिजायची वाट बघत बसली होती आणि तिच्या हाताशी चहाच्या कारखान्यातून आणलेला पत्र्याचा मोठा डबा होता. तिनं तो उलटा केला आणि त्यावर बोटांनी हळूच ठेका धरला. झाकरीचा, पहिला, संथ. मग ती गुणगुणायला लागली. ती काही हे मुद्दाम करत नव्हती. श्रावण लागला होता, गणपती जवळ आला होता, आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्यांच्याच बोटांत ठेका असायचा.

आतून खाट करकरली. मी डोकावले. बाबा पाठीवर झोपलेले, डोळे मिटलेले, आणि उजवा पाय गादीवर चालला होता. टाच आत, टाच बाहेर. ठेक्याला पाऊल ओढलं जात होतं, समेला पाय सरळ वर उचलला जात होता. कपाळावर घाम होता. माझा बाप आडवा पडून नाचत होता. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि आई डबा वाजवतच राहिली.

त्यानंतर आमच्या घराची रीतच बदलली. आई दुपारी मळ्यातून आली की टोपली उतरवून आधी हातपाय धुवायची आणि डबा घेऊन बसायची. मी कोणत्या गाण्याला कोणता व्यायाम ते बसवून दिलं होतं. संथ गाण्याला गुडघा वाकवणं, चढत्या गाण्याला पाय उचलणं, शेवटच्या आरतीला नुसतं श्वास घेत पडून राहणं. आधी आई माझ्या बसवण्याला नाकं मुरडायची. गाण्याला मधेच तोडतेस म्हणायची. पुढे तीच माझ्यापेक्षा कडक झाली. बाबांनी पाय अर्ध्यातच खाली टाकला की ती ठेका थांबवायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. बाबा म्हणायचे, मुकादम बरा होता.

मग आला वजनाचा प्रश्न. मी जुन्या कापडाच्या पिशवीत वाळू भरून ती घोट्याला बांधायचं ठरवलं. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, पाय लोंबत होता, खाली आईनं खबरदारी म्हणून उशी ठेवली होती. आईनं माझ्या हातातली पिशवी बघितली. ती उठली, पेटीपाशी गेली आणि लाल फडक्यात गुंडाळलेला चाळ घेऊन आली. आमच्याकडे तो गणपतीशिवाय कधी बाहेर निघत नसे. श्रावणात तर नाहीच. मी तसं म्हणालेसुद्धा. आई खाली बसली, बाबांचा तो बारीक पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि चाळाचा पट्टा ओढून बांधला. पूर्वीच्या भोकात तो बसेना. दोन भोकं आत घ्यावी लागली. तिनं ती दोन भोकं बोटानं चाचपली आणि तिथे तिचा धीर सुटला. एवढ्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"वाळू कशाला," ती म्हणाली. "ह्या पायाला दुसरं कुठलं वजन ठाव हाय?"

चाळाचा एक मोठा फायदा झाला. पाय हलला की घरभर कळायचं. आई विहिरीवर असली तरी तिला ऐकू यायचं, आणि सकाळी आम्ही दोघी बाहेर गेल्यावर शेजारची काकू पहारा करायची. संध्याकाळी ती मला कुंपणावरून सांगायची, आज तुझ्या बापानं सकाळी दांडी मारली. दुकानावरच्या माणसांनाही बातमी लागली. मला कुत्र्यावरून चिडवणारे तेच, एकेक करून ओसरीवर येऊन बसायला लागले. आधी गंमत बघायला आले, मग आईला गाण्यात साथ द्यायला लागले. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद. स्नायूला काय लागतं ते मी शिकले होते, म्हणून मी डाळ आणि ग्रो पुआ या मोठ्या वालाचे पांढरे दाणे रोज करायला सांगत होते. गावातून वाट्या यायला लागल्या. कुणाकडून दूध, कुणाकडून ताजी भाजी. मला कुणाला थँक्यू म्हणता येत नव्हतं, तशी आमच्याकडे रीत नाही. मी रिकामी वाटी परत करताना त्यात पेरू घालून द्यायची.

फितीनं हळूहळू चांगली बातमी द्यायला सुरुवात केली. गुडघा वाकायला लागला. चाळाचा पट्टा एक भोक बाहेर सरकला. पण तो पाय माणसाला पेलेल का ते मला सांगता येत नव्हतं. मिसनाही नाही. त्या म्हणाल्या, टेकल्यावरच कळेल. मामा मधूनमधून येऊन विचारायचे, कारखान्यात काय सांगू? आई सांगायची, गणपती होऊ दे.

गणपतीचा दिवस उजाडला. पावसाची भुरभुर होती, आमच्याकडे पठारावर तशी ती असतेच. मामा मूर्ती डोक्यावर घेऊन फाटकातून आत आले, आईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं, औक्षण केलं, गणपती चौरंगावर बसला. मग सगळ्यांच्या नजरा खाटेकडे वळल्या. बाबा कडेला बसले होते. डाव्या काखेत कुबडी, उजवीकडे मी. मी त्यांना सांगितलं की आधी टाच, मग पाऊल, भार हळू टाका, दुखलं तर लगेच सांगा. आईनं चौरंगासमोरची जागा पदरानं पुसली.

पाय टेकला. बाबांनी श्वास घेतला आणि भार टाकला. मांडीचा स्नायू माझ्या हाताखाली घट्ट झाला, थरथरला आणि धरून राहिला. मी अजून हात काढला नव्हता. बाबा म्हणाले, सोड आता. मी सोडला. ते उभे होते. चार पावलं चालून चौरंगापर्यंत गेले आणि वाकले. आईनं हात जोडले ते कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. मी आत जाऊन माझी नाडी बघितली. धावले नव्हते, जिना चढले नव्हते, तरी ती ऊर फुटेल अशी पळत होती.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. नदीवर सगळं गाव. मी बाबांना बजावलं होतं की नाचायचं नाही, नुसतं गाणाऱ्यांबरोबर उभं राहायचं. ते हो म्हणाले होते. ढोलकी सुरू झाली, कडं धरलं गेलं, आणि एक फेरी झाल्यावर कड्यातल्या दोघांनी न बोलता मधे जागा सोडली. बाबांनी कुबडी माझ्याकडे दिली. एक हात मामांच्या खांद्यावर, दुसरा शेजाऱ्याच्या. ढोलकीवाल्यानं ठेका एकदम संथ केला, एवढा संथ की लहान मुलंसुद्धा थांबून बघायला लागली. बाबांनी उजवा पाय उचलला आणि टाकला. चाळ वाजला. कडं त्यांच्यासाठी थांबलं आणि मग त्यांच्याबरोबर पडलं. सगळ्या दणकट माणसांनी आपापले पाय त्या एका दुबळ्या पायाच्या चालीनं आवरून घेतले. बायकांच्या घोळक्यात आई उभी होती, ओठ हलत होते. मला वाटलं ती गातेय. जवळ गेले तर ती म्हणत होती, एन, दे, त्रुआ. एन, दे, त्रुआ.

एक फेरी पुरी करून बाबा दगडावर येऊन बसले. घामानं सदरा भिजला होता, चेहरा असा की मी वर्षभरात पाहिला नव्हता. आईनं खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला, चाळ सोडला आणि दोन्ही हातांनी मांडी चाचपली, मी फीत लावायची तिथेच, मग डावी मांडी चाचपली. तेवढ्यात मामा आले. दाजींचा पाय टेकला हे छान झालं, म्हणाले, पण तोडणीला जायला अजून कितीतरी दिवस लागतील हे त्यांनी स्वतः खांद्यावर भार घेऊन बघितलं होतं. सोमवारी मुकादमाला काय सांगायचं? मी आईच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ती गेल्या वेळेसारखी गप्प राहील या भीतीनं मी नदीकडे बघत राहिले.

आई गप्प राहिली नाही. तिनं पाय मांडीवरून उतरवला नाही, मान वर केली नाही.

"सोमवारी ती बसला जाईल," ती म्हणाली. "हा पाय अजून बारीक हाय. मी येक येळ जास्त पानं खुडीन. पन जमिनीवरचं व्यायाम मला येत नाय. ते ती शिकून आली नाय तर मला कोन शिकवनार?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि कुबडी उचलून बाबांच्या हातात दिली. पुढच्या लाकूपला बाबा तोडणीला गेले, आणि ऐंशीच्या दशकात मी शाळेत मुलींना शिकवायला लागल्यावरही ते दर गणपतीला कड्यात होते. पण माझं शिक्षण पक्कं झालं ते त्या नदीकाठी. मी आईशेजारी चिखलात बसले आणि तिच्या हातातला चाळ घेऊन लाल फडक्यात गुंडाळायला लागले. तिनं माझा हात धरला.

"गुंडाळू नगस," ती म्हणाली. "उद्या लागंल."